मॉनिटरखालचा चौरंग

मंडळी, नवा कॉम्प्युटर एवढासा आहे, पण तो खाली ठेवून वर मॉनिटर बसेल असा स्टँड अख्ख्या बुऱ्हाणपुरात मिळेना. आज शेजारच्या काकू स्वतःहून चौरंग घेऊन आल्या. "घे बाबा, आमच्याकडे फालतू पडलाय."

विरजणाची वाटीही आठवणीने परत मागणाऱ्या काकू! मला शंका आलीच. त्या गेल्यावर चौरंग उलटा केला. खाली रंगाने आमचंच आडनाव!

"सत्यनारायणाला नेला होता त्यांनी," आई म्हणाली. "मला वाटायचंच, तो तिकडेच राहिलाय!"

मी तावातावाने काकूंकडे निघालो होतो, पण आता माझा संशय कुठेच थांबेना. आईला उठवून तिचा बसायचा पाट उलटला.

खाली काकूंचं आडनाव.

मॉनिटर चौरंगावर छान बसलाय. तुमच्या घरातले पाट कधी उलटून पाहिलेत?