मायेचे शब्द

फिजीतल्या एका इस्पितळात सकेआसी बावीस वर्षं एक्स-रे काढत होता. फोटोत काय दिसतं ते डॉक्टरांनीच सांगायचं, हा कायदा त्याने कधी मोडला नव्हता.

एके दिवशी मामेभाऊ इनोके खोकत आला. मामे-आतेभावांनी भेटलं की एकमेकांची टर उडवायची, ही तिथली रीतच.

"छातीत फुफ्फुसं आहेत, की नुसता उकडलेला कसावा भरलायस, डुकरा?" सकेआसीने विचारलं.

मग पडद्यावर मोठा डाग दिसला.

"काय निघालं रे, टकल्या?" इनोकेने विचारलं.

"डॉक्टर सांगतील. शर्ट घाल, थंडी वाजेल."

बटणं लावता लावता इनोके थांबला. "जन्मात माझ्याशी इतक्या मायेने बोलला नाहीस. वाईट आहे ना?"

सकेआसीने एखादी शिवी शोधून पाहिली. एकही सुचली नाही.