ड्रायव्हर चाचांचं हळदीकुंकू

माझं अक्षर किरटं आहे, आणि चौथीत शाळा सुटली तेव्हाच शुद्धलेखनही सुटलं. म्हणून हे कधी कुणाच्या हाती पडलंच तर त्यानं चुकांवर रागावू नये, अर्थ तेवढा घ्यावा. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, तो असा कागदावर बरा फुटतो. लिहायचं आहे ते येरमाळ्यातल्या आमच्या गल्लीच्या ड्रायव्हर चाचांबद्दल. साऱ्या धाराशिव जिल्ह्यात डिझेलवर त्यांच्याइतकं प्रेम कुणी केलं नसेल, आणि डिझेलला त्यांच्याइतक्या शिव्याही कुणी घातल्या नसतील.

चाचांचा जन्म एसटीच्या स्टिअरिंगवर गेला. परंडा म्हणू नका, कुर्डुवाडी म्हणू नका, सगळे रस्ते त्यांच्या तळहाताला पाठ. लांबून नुसता हॉर्न ऐकून ते सांगत, कुठल्या डेपोची गाडी आणि ड्रायव्हर बायकोशी भांडून आलाय का जेवून. पण रिटायर झाले, चहाच्या टपरीवर बसून दिवसभर पेपर वाचायला लागले, आणि त्यात त्यांना कुठंतरी कळलं की जमिनीच्या पोटातलं तेल एक दिवस संपणार आहे. पेपर सगळेच वाचतात आणि त्यावर भजी खातात. चाचांना मात्र ती बातमी घरातलं माणूस आजारी पडल्यासारखी लागली. मी पाणी भरून येताना दिसले की ते मला थांबवून सांगत, "बेटी, येडशीचा घाट बघितलास न्हवं? चढताना इंजिन बोंबलतंय, माणसाला वाटतंय आता काय खरं न्हाय. पण भ्यायचं असतंय ते माथ्यावर आल्यावर. पुढं समदा उतार. जगाचं तेल आता माथ्यावर आलंय, अन् ड्रायव्हर झोपलाय!"

मी एकदा धीर करून विचारलं, "चाचा, ड्रायव्हर कोण?"

"त्येच तर कुणाला म्हाईत न्हाय!" असं म्हणून ते माझ्यावरच रागावले.

त्या दिवसापासून ते सायकलवर. सायकलला घंटी नव्हती, तोंडानंच एसटीचा हॉर्न वाजवत आणि वळणावर हात दाखवत. समोर म्हैस असली तरी हात दाखवल्याशिवाय वळायचे नाहीत. हायवेवरच्या पेट्रोल पंपावर जाऊन उभं राहायचं हा त्यांचा संध्याकाळचा नेम. एखादं पोरगं टाकी फुल करायला लागलं की चाचा टोपी काढून, मयताला आल्यासारखा चेहरा करून म्हणत, "जपून रे बाबा. लई जुनं हाय त्ये. तुझ्या आज्जाच्या आज्जाच्या आधीचं." पंपाच्या मालकानं शेवटी हात जोडले, "चाचा, तुमच्यामुळं गिऱ्हाईक पाचपन्नासचंच टाकून पळायलंय." चाचांना तो आपला पहिला विजय वाटला. त्यांनी गल्लीत साखर वाटली.

घरी मात्र विजय अवघड होता. चाची फोडणीला तेल ओतायला लागल्या की हे मागून म्हणणार, "बास, बास, त्ये बी टँकरनंच येतंय." चाची पळी उगारून म्हणत, "दुनियेचा आधा तेल तो तुमीच जलाये! अन् आता मेरी भाजी कोरडी करने निकले!" चाचा ताट उचलत. ते ओसरीवर येऊन बसत आणि कोरडी भाजी मुकाट्यानं खात.

हवापाण्याचं गणितही ते एसटीवरच मांडत. पूर्वी पाऊस म्हणजे पासिंजर गाडी होती, म्हणत. सगळ्या थांब्यांवर थांबायची, सगळ्यांना घ्यायची. आता येती तर न थांबता सुसाट जाती, नाहीतर डेपोतच उभी. थंडीची फेरी तर रद्दच झाली आणि गारपीट ही विनातिकीट. लग्न असो, बारसं असो, माइक दिसला की चाचा तिकडं निघत. एका वरातीत त्यांनी जनरेटरच्या पुढ्यात उभं राहून भाषण केलं, आणि जनरेटरचा आवाज एवढा की त्यातला शब्द कुणालाही कळला नाही. नवरदेवाला वाटलं म्हातारा आशीर्वाद देतोय. त्यानं वाकून पाया पडून घेतलं. चाचा विरघळले आणि भाषण अर्धं टाकून जेवायला बसले.

एवढं सगळं करून गल्ली जशीच्या तशी होती. मग गोष्ट आडावर आली. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक जुना आड आहे, दगडी काठाचा. टँकर यायला लागल्यापासून तो कुणी वापरला नाही. गाळ, प्लास्टिक, फुटक्या चपला, सगळं त्यात. ग्रामपंचायतीनं ठरवलं की मुरूम टाकून तो बुजवायचा आणि वर बसायला कट्टा करायचा. चाचा तसेच सरपंचांकडं गेले. "टँकर डिझेलवर पळतोय. डिझेल चाललं उताराला. उद्या टँकर थांबला तर पोरं काय कट्टा चाटणार व्हय?" सरपंच हसले. म्हणाले, "चाचा, सोमवारी ट्रॅक्टर येतोय. तवर पाणी दाखवा, मुरूम माघारी."

चाचांनी गल्लीत श्रमदान पुकारलं. पहिल्या दिवशी ते स्वतः आले आणि एक कुत्रं आलं. माणसांना माहीत होतं की फावडं हातात घेतलं की तेलावरचं भाषणही घ्यावं लागणार. चाचा काठावर एकटेच बसून राहिले. मी दारातून बघत होते. हॉर्न नाही, हात दाखवणं नाही, नुसते बसलेले. तसं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

संक्रांत नुकतीच झाली होती. संध्याकाळ झाली की बाया नटूनथटून या घरातून त्या घरात हळदीकुंकवाला चालल्या होत्या. चाचांनी ते काठावरून बघितलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बायकांना भाषणाला बोलावलं तर येत नाहीत, वाण लुटायला बोलावलं तर धावत येतात! दुसऱ्या दिवशी ते दारोदार निघाले. हळदीकुंकवाचं आमंत्रण पांढऱ्या दाढीचे चाचा करतात हे येरमाळ्यानं पहिल्यांदाच बघितलं. मागं तोंडाला पदर लावून चाची. "शुक्रवारी आडावर हळदीकुंकू हाय. वाण चांगलं हाय. जुनी लुगडी नेसून या," एवढंच सांगायचं आणि पुढचं दार.

आयुष्य गाडीवर गेलेलं, त्यामुळं गल्लीतल्या रीती त्यांना कमीच ठाऊक. त्यांनी एकही दार सोडलं नाही. माझ्याही दारात आले. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून असलं आमंत्रण माझा उंबरा टाळूनच पुढं जायचं, आणि मला त्याची सवय झाली होती. चाचींनी मागून त्यांची बाही ओढली. चाचा म्हणाले, "काय ओढायलीस? हिला सांगू नको व्हय? हिचा हंडा तर समद्यात मोठा." मग माझ्याकडं बघून, "येणार न्हवं, बेटी?"

मी हो म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असावं, कारण समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या काकूंनी खिडकीतून डोकं काढलं. त्यांच्याही कपाळाला कुंकू नव्हतं.

शुक्रवारी सगळ्यांत आधी आम्हीच पोचलो. मी, काकू आणि अशाच दोघीतिघी. कधी बोलावणं नसलेल्या, म्हणून उशीर करायचा असतो हेही आम्हाला माहीत नव्हतं. मग बाकीच्या आल्या, काय वाण आहे ते बघू म्हणून. वाण होतं लोखंडी घमेलं. प्रत्येकीला एक. चाचांनी रस्त्याच्या कामावरच्या सगळ्या मुकादमांना गाठून जुनी घमेली गोळा केली होती आणि चाचींनी ती घासून लख्ख केली होती. किराणा दुकानवाल्या वहिनींनी हळदीकुंकवाचं ताट घेतलं आणि एकेकीला लावत आमच्यापाशी आल्या. तिथं त्यांचा हात थबकला.  मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले.

आडाच्या पलीकडून चाचा ओरडले, "वहिनी, का थांबलाव? टाइम झाला, डबल बेल मारा, गाडी सोडा!"

वहिनींना हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी काकूंना कुंकवाचं बोट लावलं, मग मला.  काकूंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला गं, घमेलं काय डोक्यावर मिरवायचंय का?"

मग काय विचारता! बायका रांगेत लागल्या म्हटल्यावर पुरुषांना ओसरीवर बसवेना. गल्लीतले विहिरी खोदणारे दोघे भाऊ दोर बांधून खाली उतरले. गाळ भरलेली घमेली हातोहात वर यायला लागली. चाचा काठावर उभे राहून "चलो, जाऊ द्या!" करत होते. भाषण करायला त्यांना सवड झाली नाही. रविवारी दुपारी खालून हाक आली, "चाचा, पाय बुडाले!"

सोमवारी मुरमाचा ट्रॅक्टर आला, मागं मोटारसायकलवर सरपंच. चाचांनी बादली ओढून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं. सरपंच म्हणाले, "चाचा, ह्ये पाणी न्हाय, चहा हाय."

"तुमच्या टँकरात दूध येतंय व्हय?" आमच्या काकू कडाडल्या. सगळी गल्ली हसली, सरपंचही हसले, आणि ट्रॅक्टर मुरमासकट माघारी गेला.

आठवड्यात पाणी निवळलं. यंदाच्या उन्हाळ्यात टँकर दुसऱ्या गल्लीत थांबतो, आम्ही आडावर. एकदा पाणी ओढताना मी विचारलं, "चाचा, आता झालं ना मनासारखं?" त्यांनी आडात वाकून बघितलं. "एक आड झाला, बेटी," म्हणाले. "दुनिया लई मोठी हाय, अन् मी म्हातारा झालो." एवढ्या हळू आवाजात ते कधी बोलले नव्हते.

आता त्यांच्या खांद्याला दोर झेपत नाही. म्हणून माझं भरून झालं की एक हंडा मी त्यांच्या ओसरीवर ठेवते. ते रोज माझ्याशी भांडतात, की मी काय लंगडा हाय व्हय, उद्यापासून आणलास तर ओतून देईन.  दुसऱ्या दिवशी मी गेले की रिकामा हंडा आतून-बाहेरून घासून, माझ्या वाटेवर पुढं सरकवून ठेवलेला असतो.