बालाजीचं सोपं कोडं

माझं गाव बीडजवळ, कपिलधारच्या वाटेवर. लान्स नायक बालाजी परळी तालुक्यातल्या धर्मापुरीचा. आम्ही भेटलो ते उत्तरेकडच्या एका बर्फाळ पोस्टवर. मी हवालदार, पोस्टचा सीनियर. तो वायरलेस सांभाळायचा.

पहारा द्यायचा, बर्फ उपसायचा, सेट तपासायचा. रोज हेच. उरलेल्या वेळात बालाजी आकड्यांची कोडी घालायचा. मला गणिताची शाळेपासून भीती. म्हणून त्याने माझ्यासाठी अगदी सोपं काढलं.

"दादा, मनात एक आकडा धरा. दुप्पट करा. दहा मिळवा. आता निम्मे करा. पहिला आकडा वजा करा. पाच उरले का न्हाई?"

उरले होते. आकडा बदलून पाहिला, तरी पाचच.

"कावून रे?"

"दहाचे निम्मे पाच. तुमचा आकडा तर तुमीच काढून टाकला, दादा."

मला ते उमगलं तेव्हा माझ्यापेक्षा त्यालाच जास्त आनंद झाला.

पुढे वादळ लागलं. त्यातच एका सकाळी बालाजीचं डोकं दुखू लागलं. बूट घालताना तोल गेला. नर्सिंग असिस्टंटने ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. म्हणाला, "उंचीवरच्या विरळ हवेने मेंदूला सूज आलीय, असं वाटतंय. खाली न्यायलाच पाहिजे."

मी सेट उचलला.

"कॅज्युअल्टी एक. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

तासाभराने खालच्या बेसवरून उत्तर आलं. "निघालं होतं, परत फिरलं. काहीच दिसत नाही. ओव्हर."

"पायी आणतो. ओव्हर."

"नको. वाटेवर बर्फाचे कडे कोसळतायत. कुणीही पोस्ट सोडायची नाही. ओव्हर."

मग बेसचे डॉक्टर बोलले. "त्याला बोलतं ठेवा. सोपे हिशेब विचारा. चुकायला लागला तर कळवा."

मला एकच येत होतं. "बालाजी, एक आकडा धर."

तो हसला. "पाच. माझंच कोडं मला घालता व्हय?"

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. दुप्पट केली, दहा मिळवले, निम्मे करताना अडला.

"धरला व्हता, दादा. कोणता, ते आठवंना."

"दुसरा धर."

"कशाला?"

डॉक्टरांना कळवलं. त्यांनी पुन्हा इंजेक्शन द्यायला सांगितलं. दिलं. त्यापलीकडे त्यांच्याकडेही काही नव्हतं. मी बाहेर जाऊन आभाळ बघायचो, आत येऊन त्याचा हात धरायचो. दुसरं काय करणार? दिवस मावळायच्या आत बालाजी गेला.

सकाळी आभाळ स्वच्छ झालं. हेलिकॉप्टर आलं.

रजा मिळाल्यावर धर्मापुरीला गेलो. त्याचे वडील ओट्यावर होते.

"लई थंडी हाय का तिकडं?"

"हाय, काका."

"त्याला सोसत न्हवती. लहानपणी माज्या घोंगड्यात शिरून झोपायचा."

ते आत गेले. घोंगडं आणून माझ्यासाठी ओट्यावर अंथरलं. "बसा," म्हणाले.

मला बसवेना. मी उभाच राहिलो.