विहिणींनी शहर चाखलं

स्टेशनसमोरच्या गल्लीत आमचं लॉज आहे आणि मी तिथं काउंटरवर बसतो. वेरूळ-अजिंठा बघायला आलेली, कोर्टाच्या तारखेला आलेली, लग्नाला आलेली, औषधं विकत फिरणारी अशी सगळी माणसं आमच्याकडं उतरतात. बॅग खोलीत टाकून खाली आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इथं चांगलं खायला कुठं मिळेल?" माझं पोट नाजूक. वरण-भात आणि ताक यांच्यापलीकडं मी कधी गेलो नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगायचो, "दुसऱ्या मजल्यावर सुगंधाबाई चादरी बदलतायत, त्यांना विचारा."

सुगंधाबाई उशीचा अभ्रा चढवता चढवता सांगायच्या. "नान-खलिया खायचा आसंल तर सिटी चौकाच्या मागं मेहबूबभाईच्या भट्टीवर जा. पर येळेत जा, उशीर केला तर नुसता रस्सा ऱ्हातो. गोड खायचं तर गुलमंडीला इमरती. गरमच घ्या, गार झाली की ती दोरीच व्हती." पाहुणा जायचा, खायचा आणि परत येऊन आधी त्यांना शोधायचा. अकरा वर्षांत त्यांचा एकही पत्ता चुकला नव्हता.

आणि या अकरा वर्षांत सुगंधाबाईंनी त्यातल्या एकाही ठिकाणी पाय ठेवला नव्हता.

हे मला ठाऊक होतं. एकदा मी त्यांना विचारलंही होतं, न खाता एवढं कसं सांगता म्हणून. त्या हसल्या. त्यांचं माहेर, सासर दोन्ही फुलंब्रीकडचं, मेंढरामागं फिरणारं. "आमच्यात समोरून कळप आला की इचारायचं, चारा कुठं हाय, पाणी कुठं हाय. आन् मागून कुणी आलं की त्याला सांगायचं. तसंच हाय हे. खाऊन आलेल्याला इचारते, जाणाऱ्याला सांगते." त्यांचे मालक मुंजाबा अजूनही वर्षातले आठ महिने मेंढरामागं असतात. मुलगा सत्यम शेंद्र्याच्या कंपनीत आहे. त्याच्यामुळं त्या मुकुंदवाडीत राहायला आल्या आणि आमच्याकडं कामाला लागल्या. डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी, असल्यास वांगं. जिन्याखाली बसून जेवायच्या.

पुढं जे झालं ते त्यांच्या विहीणबाईंमुळं झालं. मी ते दोघींकडून वेगवेगळं ऐकलं आहे आणि दोघींच्या सांगण्यात फक्त इमरत्यांच्या आकड्याचा फरक पडतो.

विहीणबाई म्हणजे लक्ष्मीबाई. सत्यमच्या बायकोची, दीपमालाची आई. सिल्लोडजवळ त्यांचं घर, थोडी मका, थोडी कपाशी. बाई उंच, आवाज मोठा, आणि मानाला फार जपणारी. सुगंधाबाई त्यांना मनातून घाबरायच्या. म्हणूनच साखरपुड्याच्या दिवशी, काहीतरी बोलायला हवं म्हणून, त्यांनी लक्ष्मीबाईंना शहरातल्या खाण्याचं सगळं वर्णन ऐकवलं होतं. खलियाची तर्री, इमरतीचा पाक, पानात घालतात तो गुलकंद. लक्ष्मीबाई तोंडाला पदर लावून ऐकत बसल्या होत्या.

यंदा दिवाळीनंतर लक्ष्मीबाईंना अंधूक दिसायला लागलं. मोतीबिंदू आहे, ऑपरेशन लागेल, डोळा जाईल, असं गावात ज्याला जे सुचेल ते तो सांगत होता. बाई महिनाभर रडत होत्या. शेवटी दीपमालानं औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांची वेळ घेतली, पण तिला दुकानातून सुट्टी मिळेना. मग सोबत जायचं सुगंधाबाईंवर आलं. त्यांनी माझ्याकडं रजा मागितली. अकरा वर्षांत पहिली.

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब टाकले, यंत्रातून बघितलं आणि म्हणाले, "आजी, काही झालेलं नाही. जवळचा नंबर लागलाय. चष्मा घ्या आणि घरी जा. थेंबांमुळं दोन-चार तास अंधूक दिसेल, ऊन लागू देऊ नका." आणि एक काळा चष्मा त्यांच्या नाकावर चढवून दिला.

बाहेर पायरीवर आल्या आणि लक्ष्मीबाईंनी एकदम सुगंधाबाईंचे दोन्ही हात धरले.

"इहीनबाई, डोळा शाबूत हाय मपला!"

"हाय की. देवानं ऐकलं."

"आज वार कोणता?"

"बुधवार."

"मंग चालतंय. चला, खायला न्या मला. एक महिना झाला, घास गोड लागला नाय. तुमी सांगितलं व्हतं ना साखरपुड्यात, त्या समद्या जागी न्या."

सुगंधाबाईंनी त्यातली एकही जागा बघितली नव्हती. पण नऊवारी नेसलेली, डोळ्यावर काळा चष्मा लावलेली ती उंच बाई लहान पोरीसारखी पायरीवर उड्या मारायची तेवढी राहिली होती. तिला नाही कसं म्हणायचं? आणि शिवाय, सुगंधाबाईंनी मला नंतर कबूल केलं, "मनात म्हणलं, तिला दिसत नाय धड. खपून जाईल."

रिक्षानं दोघी सिटी चौकात आल्या. मेहबूबभाईंची भट्टी कुठं आहे हे सुगंधाबाईंनी शेकडो लोकांना सांगितलं होतं. डावीकडं घड्याळाचं दुकान, मग बोळ, मग वास. त्यांनी विहीणबाईंचा हात धरला आणि आपल्याच सांगण्यावर चालत गेल्या. घड्याळाचं दुकान आलं. बोळ आला. वास आला. सुगंधाबाईंना एवढा आनंद झाला की त्या जवळजवळ ओरडल्या, "बगा, हायच!"

"म्हंजे? आसणारच की," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

आत बाकावर बसल्या. सुगंधाबाईंनी पाहुण्यांकडून ऐकलेलं जसंच्या तसं मागितलं, "दोन नान, दोन खलिया मटणाचा, आन् तर्री वरून सोडा." ताट आलं. लालभडक रस्सा, त्यावर तेलाचा तवंग, आणि शेजारी हळदीसारखी पिवळीधम्मक, तुकतुकीत नान. सुगंधाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "अगं बया, एवढी मोठी आसती व्हय!"

"काहून? मागल्या टायमाला ल्हान व्हती का?" काळ्या चष्म्याआडून प्रश्न आला.

तेवढ्यात मेहबूबभाई स्वतः पाणी घेऊन आले. पांढरी दाढी, अंगावर पिठानं माखलेला बनियन. "अम्मा, पहली बार आए क्या?"

"नाय हो, लई बार आले मी," सुगंधाबाई ताटात बघत म्हणाल्या.

"मैं चेहरा नइ भूलता, अम्मा. किधर से आए?"

उत्तर लक्ष्मीबाईंनी दिलं, ठसक्यात. "स्टेशनजवळच्या लॉजवर हायेत त्या. समद्या शहराला सांगतेत कुठं काय खायचं. सुगंधाबाई म्हणतेत त्येंला."

मेहबूबभाईंच्या हातातला जग तिथंच थांबला. त्यांनी एकदा सुगंधाबाईंकडं बघितलं, एकदा वर छताकडं बघितलं आणि भट्टीकडं तोंड करून अशी हाक मारली की बोळातले लोक वळले.

"अरे लॉजवाली मावशी आई रे! सुगंधा मावशी!"

नान लावणारा आला, मसाला वाटणारा आला, शेजारचा घड्याळवालाही आला. मेहबूबभाई सगळ्यांना सांगत होते आणि मधूनच सुगंधाबाईंना सांगत होते. दहा वर्षांपासून माणसं येतात. गुजरातचे येतात, नागपूरचे येतात, एक जपानी बाई कागदावर लिहून घेऊन आली होती. कुणी पाठवलं विचारलं की एकच उत्तर, मावशींनी. "घरवाली रोज पूछती, ये मावशी है कौन, आती कायकू नइ? मैं बोला, बडी औरत होगी, किधर बंगले में रहती होगी." आणि मग हात जोडून म्हणाले, "आज तक आए नइ, फिर भी आधी दुनिया भेज दिये."

लक्ष्मीबाईंनी काळा चष्मा काढला. डोळे बारीक करून, जेवढं दिसत होतं तेवढं विहिणीचं तोंड त्यांनी बघितलं.

"कव्हाच आल्या नाय तुमी हितं?"

"नाय."

"आन् ते इमरतीचं?"

"ऐकीव."

"पानाचं?"

"तेबी." सुगंधाबाईंचा आवाज खाली गेला. "एकट्या बाईनं हाटेलात बसायचं म्हंजे कसंतरीच वाटतं हो. आन् संगं कोण? मालक मेंढरामागं, पोरगा कंपनीत. तुमच्याम्होरं बोलायला काय नव्हतं, म्हणून जे येत व्हतं ते बोलले."

लक्ष्मीबाईंचे खांदे हलायला लागले. सुगंधाबाईंना वाटलं, आता उठून जाणार, मानाला लागलं. पण बाई हसत होत्या. आधी आवाज न करता, मग आवाज करून, मग बाकावर हात आपटून. "मीबी!" त्या कशाबशा म्हणाल्या. "मीबी सांगते शिल्लोडला! इहीनबाई मला दर टायमाला हाटेलात नेतेत, खलिया चारतेत, म्हणून! आमच्या आळीतली आशाबाई जळून कोळसा झाली ना माझ्यावर!"

मग दोघींनी ज्या ताकदीनं तो खलिया संपवला, त्याबद्दल मेहबूबभाई अजून बोलतात. नान रश्श्यात बुडवायची, हात कोपरापर्यंत लाल करायचा, नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, आणि त्यातून हसू. मेहबूबभाईंनी दुसरी वाटी न विचारता आणून ठेवली. उठताना त्यांनी कागदात बांधून दोन नान दिल्या. लक्ष्मीबाईंनी त्यांच्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"आता?" बाहेर आल्यावर सुगंधाबाईंनी विचारलं.

"आता काय! इमरती."

गुलमंडीला त्या पायी गेल्या. इमरती कढईतून पाकात आणि पाकातून हातात. सुगंधाबाई म्हणतात तीन खाल्ल्या, लक्ष्मीबाई म्हणतात पाच. पुढं औरंगपुऱ्यात एका थाळीच्या खानावळीवरून जाताना सुगंधाबाई थबकल्या. मांसमच्छी न खाणाऱ्या पाहुण्यांना त्या कायम इथं पाठवायच्या. पोटात जागा नव्हती, तरी दोघींत एक थाळी मागवली. पहिला घास घेतला आणि सुगंधाबाईंचा चेहरा उतरला. वरण म्हणजे पिवळं पाणी, भाजीत मिठाचा खडा तसाच. "ह्या हितं पाठिवलं मी लोकांला? कुणी बोललं काहून नाय?" त्या मालकापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, "दादा, वरणात डाळ टाकत जा." तो बघतच राहिला. लक्ष्मीबाईंनी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं, नाहीतर त्या स्वयंपाकघरात शिरल्या असत्या.

राग उतरायला निराला बाजारपर्यंत चालावं लागलं. तिथं कॉलेजच्या पोरी एका गाडीभोवती उभ्या राहून काहीतरी पांढरं खात होत्या. त्याला मोमो म्हणतात हे एका पोरीनं सांगितलं. लक्ष्मीबाईंना आता बऱ्यापैकी दिसायला लागलं होतं. त्यांनी एक उचलला, डोळ्याजवळ नेला, उलटा केला.

"इहीनबाई, हा तर उकडीचा मोदक."

चावल्या. थांबल्या.

"कोबीचा!"

पोरी एवढ्या हसल्या की गाडीवाल्यालाही हसू आवरेना. एकीनं दोघींचा फोटो काढला. तो माझ्या फोनमध्ये आहे. दोन बायका, एकीच्या कपाळावर वर सारलेला काळा चष्मा, दुसरीच्या बगलेत नानचं पुडकं, दोघींच्या तोंडाला लाल चटणी.

शेवटी पान. गुलकंद, बडीशेप, आणि वर चांदीचा वर्ख. पानवाल्यानं ते थेट तोंडात भरवायला हात पुढं केला तेव्हा सुगंधाबाई लाजून मागं सरल्या. लक्ष्मीबाईंनी ते पान त्याच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या हातानं विहिणीला भरवलं. मग सुगंधाबाईंनी त्यांना. भर बाजारात. लग्नातसुद्धा त्यांनी एकमेकींना घास भरवला नव्हता. तेव्हा मानपानाच्या साडीवरून काहीतरी बिनसलं होतं.

रिक्षात बसल्या तेव्हा ऊन कलतं होतं. मुकुंदवाडीपर्यंत दोघी पोट धरून, एकमेकींवर रेलून बसल्या होत्या. पोटाला हिसका बसू नये म्हणून लक्ष्मीबाई खड्डा आला की आधीच "अगं आई" म्हणायच्या, आणि मग हसू यायचं आणि हसण्यानं पोट आणखी दुखायचं.

दार दीपमालानं उघडलं. तिला अर्धी सुट्टी मिळाली होती. आईला मोतीबिंदू नाही हे फोनवर कळल्यापासून ती स्वयंपाकघरात होती. घरभर वेलदोड्याचा वास. दोन पाट मांडलेले, पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया, आणि तुपाची वाटी काठोकाठ.

"दोघी बसा आधी," दीपमाला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सकाळपासनं उपाशी आसाल."

विहिणींनी एकमेकींकडं बघितलं. लक्ष्मीबाईंनी कपाळावरचा काळा चष्मा हळूच डोळ्यावर ओढून घेतला. सुगंधाबाईंनी नानचं पुडकं पाठीमागं लपवलं.

"व्हय गं माय," लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि पाटावर बसल्या. "लई भूक लागली."

दोघींनी दोन-दोन पोळ्या खाल्ल्या. तूप घालून.