काखेतली बॅटरी

परब चहा पिताना कॅमेऱ्याची बॅटरी काखेत धरत. कुवेतमध्ये हिवाळ्यात शुक्रवारी, सुटीच्या पहाटे आम्ही चार-पाच मराठी मंडळी महबूलाहून निघून शुवैखच्या पुढे खाडीकाठी पक्ष्यांचे फोटो काढायला जायचो, तिथली ही गोष्ट. डावा हात अंगाशी घट्ट, उजव्या हातात कागदी कप आणि चेहऱ्यावर आपलं काहीतरी कुणीतरी लांबवल्याचा भाव. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आजही आवडत नाही.

ते आमच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढत, मी त्याच मजल्यावर लॅबमध्ये. "श्वास रोखा" हे ते पेशंटला एकदाच सांगत. ज्याने ऐकलं नाही त्याच्याकडे असं बघत, की तो बिचारा पुढे श्वास घ्यायलाच घाबरे. आम्ही दोघेही मालवणकडचे, गावंही शेजारची, पण त्यामुळे जिव्हाळा वगैरे काही निर्माण झाला नाही. पहिल्या हिवाळ्यात मला म्हणाले, "बॅटरी काखेत ठेव, थंडीत ती निजता. आणि गार कॅमेरो गाडीत घेवचो झालो तर आधी पिशयेत बांध, नायतर काचेर घाम येतलो. एकदाच सांगतंय. दुसऱ्यांदा सांगूक मी तुझो मास्तर नाय."

मी सगळ्यांसमोर विचारलं, परब खुडूक बसलेत, पिल्लं कधी निघणार? मंडळी पोट धरून हसली. परब हसले नाहीत, आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत.

तेव्हा माझे बाबा गावी अंथरुणाला खिळले होते. आयुष्यभर खाडीवर पक्षी बघत हिंडलेला माणूस. कुवेतच्या खाडीवर अग्निपंख, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात हे कळल्यापासून त्यांनी एकच धोशा लावला होता: उडतानाचा फोटो पाठव, समोरच्या भिंतीवर लावतो. हा पक्षी उभा असताना फिकटच दिसतो. त्याच्या पंखांतला जाळ उडतानाच दिसतो, आणि बाबांना तोच हवा होता. मोबाइलवर काढून पाठवले तर नुसते गुलाबी ठिपके दिसले. डॉक्टरांनी दिलेली मुदत मला माहीत होती, म्हणून मी कर्ज काढून लांब लेन्स घेतली.

जानेवारीतला तो शुक्रवार विसरणं शक्य नाही. वारा हाडांत शिरत होता. थवा चिखलात उभा होता आणि सूर्य वर यायला पाच मिनिटं होती. तेवढ्यात माझा कॅमेरा बंद पडला. मी धावत गाडीत शिरलो, हीटर पूर्ण सोडला आणि कॅमेरा त्याच्यासमोर धरला. गावी पावसात भिजलेली काडेपेटी चुलीपाशी शेकवतात, तसा. आत तिघे बसून वाफाळता चहा पीत होते. परब काचेबाहेर उभे होते. त्यांनी पाहिलं. मी काय करतोय ते त्यांना पुरतं कळत होतं, तरी ते बोलले नाहीत.

कॅमेरा चालू झाला. मी बाहेर आलो, थवा उठला, आणि मला लेन्समधून नुसतं पांढरं दिसलं. आतून-बाहेरून घाम. शेजारी परबांनी शांतपणे काखेतली बॅटरी कॅमेऱ्यात घातली आणि हवे तेवढे फोटो काढले.

लाज गुंडाळून मी त्यांच्याकडे गेलो. बाबांबद्दल सगळं सांगितलं, एक प्रिंट मागितली. ते लेन्स पुसत राहिले. म्हणाले, "तुका देवचंय नाय."

मार्चमध्ये बाबा गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर अग्निपंखांचा थवा उडत होता, पंखांतल्या जाळासकट. फोटोच्या मागे परबांच्या अक्षरात माझं नाव होतं. त्यांचा कुणी भाऊबंद फोटो घरी देऊन गेला होता. फोनवर बाबा "मिळालं" एवढंच म्हणाले होते, पण मला वाटलं, औषधांबद्दल बोलताहेत. आई म्हणाली, "येणाऱ्या-जाणाऱ्याक दाखवीत होते. माझ्या झिलान काढल्यान म्हणून."

कुवेतला परतल्यावर मी एक्स-रेच्या खोलीत शिरलो. आभार मानायचे की भांडायचे, हे माझं ठरत नव्हतं. तोंडातून भांडणच आलं. तुम्ही बाबांशी खोटं बोललात, म्हणालो.

"तुका खंय दिलंय?" परब म्हणाले. "तुझ्या बापाशीक दिलंय. तेंका फोटो नको होतो, तुझो फोटो होयो होतो." आणि दारातल्या पेशंटला आत बोलावलं.

पुढच्या वर्षी परब कायमचे गावी गेले. निरोपाच्या जेवणाला मी गेलो नाही. काचेबाहेरचा तो चेहरा मी माफ केलेला नाही. आई अजून पाहुण्यांना तो फोटो माझा म्हणून दाखवते, मी गप्प बसतो. दर जानेवारीत मात्र बॅटरी काखेत धरून खाडीवर उभा राहतो. तसा एक तरी फोटो माझ्या हातून निघाला, तर बाबांना सांगितलेलं तेवढं खोटं उरणार नाही. अजून निघालेला नाही.