शुभदाताईंचे अमेरिकन

शुभदाताई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा चहा घेण्याआधी त्यांनी आमचा सोफा हलवला. कुवेतमधल्या फरवानियात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि त्या वरच्या मजल्यावरच्या शेजारीण. "उन्हाकडे पाठ करून बसावं गं," एवढं म्हणून त्यांनी मला सोफ्याचं दुसरं टोक धरायला लावलं.

त्या मूळच्या पुण्याच्या आर्किटेक्ट. श्रीकांतरावांना इथे बँकेत नोकरी लागली तेव्हा चांगलं चाललेलं ऑफिस बंद करून आल्या आणि कितीतरी वर्षं नवऱ्याच्या व्हिसावर घरीच राहिल्या. बांधायला काही नव्हतं, म्हणून बांधणाऱ्यांच्या गोष्टी सांगत. त्यातही अमेरिकेतल्याच. सासरच्या वडीलधाऱ्यांसारखी त्या त्यांची नावं घेत नसत. धबधब्यावर घर बांधणारे ते 'टोपीवाले आजोबा', चीनमधून शिकायला येऊन अमेरिकन झालेले, पॅरिसच्या राजवाड्यापुढे काचेचा पिरॅमिड उभा करणारे ते 'चष्मेवाले'. आणि सगळ्यांत लाडकी 'बुटकी'. पॅरिसमध्ये आधी बाई म्हणून तिला आर्किटेक्चरच्या परीक्षेलाच बसू देईनात. पुढे ती कॅलिफोर्नियात स्कर्टखाली पँट घालून परांचीवर चढायची.

"आमच्याकडे आम्ही दोघं, बाकी सगळे अमेरिकन," श्रीकांतराव म्हणत. शुक्रवारी जेवायला बोलावलं की वरणभाताबरोबर एक चरित्र ठरलेलं. माझी मुलगी ताट घेऊन पळायची. "आंटी, नॉट अगेन!"

"टोपीवाल्यांचं सगळं संपलं असं लोक म्हणत होते," ताई तिच्या पाठीमागून ओरडत. "सत्तरीला टेकल्यावर ते घर बांधलं त्यांनी! माझे तर दात अजून शाबूत आहेत."

आम्ही हसायचो. पण पन्नाशी उलटल्यावर त्यांनी खरंच नवं सॉफ्टवेअर शिकून घेतलं आणि कुवेत सिटीतल्या एका लहानशा कन्सल्टंटकडे नोकरी धरली. वाटलं होतं, एखादा मनोरा वाट्याला येईल. काम मिळालं ते जलीबच्या बाजूला, कामगारांच्या वसाहतीतल्या जेवणघराचं.

"शेड आहे गं, नुसती शेड," पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती शेड आम्हाला रोज ऐकावी लागली. जेवणासाठी रांग लागते ती उन्हात, म्हणून त्यांनी नकाशात पुढे एक लांब पडवी काढली. वसाहतीच्या मालकाला ती नको होती. त्या जागेत त्याला गोदाम हवं होतं. त्यांच्या इजिप्शियन साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "मॅडम, पडवी काढून टाका, नाहीतर काम जाईल." काम गेलं असतं तर त्यांची नोकरीही राहिली नसती.

ताईंनी हुज्जत घातली नाही. नकाशा समजावते म्हणून मालकाला भर दुपारी साइटवर बोलावलं आणि जिथे रांग उभी राहणार होती, नेमकं तिथेच उभं केलं. महिना जुलैचा. समजावायला सुरुवात केली ती टोपीवाल्यांच्या बालपणापासून. मालक घाम पुसत सावली शोधू लागला. सावली कुठेच नव्हती. चष्मेवाले चीनहून बोटीत बसेपर्यंत त्याने कसाबसा धीर धरला.

"खलास, मॅडम, खलास!" शेवटी तो हात जोडून म्हणाला. "पडवी ठेवा. फक्त गोष्ट थांबवा."

"बुटकीपर्यंत पोचूच दिलं नाही मेल्याने," ही त्यांची तक्रार मात्र पुढे कित्येक दिवस टिकली.

श्रीकांतराव निवृत्त झाले. दोघं कायमची पुण्याला निघाली, त्याआधी एका दुपारी ताई मला ते जेवणघर दाखवायला घेऊन गेल्या. वाटेभर खांबांची मापं सांगत होत्या. पडवी भरलेली होती. कुणी भिंतीला टेकलं होतं, कुणी गावाकडे फोन लावून बसलं होतं. आम्ही कोण, ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचं मराठी ऐकून मालवणकडचा एक सुतार जरा सरकला आणि त्याने शेजारची जागा हाताने झटकली.

"बसा वयनी. हय गार आसा."

ताई बसल्या. मला वाटलं, आता सुरू होणार. पण त्या खांबावर तळवा टेकवून नुसत्या बसून राहिल्या. ताटं आली, रांग पुढे सरकली, सुतारही उठून आत गेला.

परतताना गाडीत न राहवून मी म्हटलं, "ताई, आज एकही अमेरिकन नाही?"

"त्यांचं काय एवढं," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. मग माझा हात घट्ट धरला. "गार आहे गं तिथे. खरंच गार आहे."