सही न झालेलं वेळापत्रक

वेळापत्रक वाचताना काकांचा उजवा पाय हलायचा. कागदावर थांबा आला की टेबलाखाली ब्रेक दाबायचे, थांबा सुटला की पाय सैल. आम्ही सगळे स्क्रीनवर आकडे बघायचो. हे त्या आकड्यांतून बस चालवत असायचे.

इंग्लंडमध्ये, मेडनहेडला, बस-ट्राम चालवणाऱ्या आमच्या कंपनीच्या ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. मी पुण्याहून वर्क परमिटवर आलेली, ते साठीला टेकलेले. मी त्यांना काका म्हणायची. त्यांची बायको साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिच्यामागून ते इथे आले तेव्हा त्यांच्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीला कोणी विचारलं नाही, म्हणून बस चालवायला लागले. गणपतीच्या कार्यक्रमात कोणी विचारलंच, "तुम्हीपण हॉस्पिटलमध्येच का?" तर ते म्हणायचे, "हॉस्पिटलपर्यंत. दर वीस मिनिटांनी." बरीच वर्षं बस चालवून मग ते वेळापत्रकांच्या कामात शिरले. अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. अडलं की सगळे त्यांच्याकडे जातात आणि मीटिंगला मात्र त्यांना बोलवायचं विसरतात.

दोन हजार चार-पाचची गोष्ट असेल. हॉलंडमधल्या एका शहराची ट्राम आणि बस कंपनी पूर्णपणे शहराच्या मालकीची होती. तिथल्या नगरपालिकेच्या मनात होतं, की रूळ, गाड्या आणि मालकी आपल्याकडेच ठेवायची आणि चालवायचं काम काही वर्षांसाठी बाहेरच्या कंपनीला द्यायचं. आमच्या कंपनीला ते काम हवं होतं. डायरेक्टर मार्टिनने मालकीची ही सगळी रचना अर्धा तास समजावून सांगितली. शेवटी काका म्हणाले, "मालक कळले. गाडीत पुढे कोण बसणार?"

सगळे हसले. हा त्यांचा नेहमीचाच प्रश्न होता.

ट्रामचं वेळापत्रक माझ्याकडे आलं. कमी गाड्यांत तेवढ्याच फेऱ्या बसवायच्या होत्या, म्हणून शेवटच्या थांब्यावर गाडी उभी राहायची त्या सात मिनिटांची मी तीन केली. सॉफ्टवेअरने हिरवी खूण दाखवली. मी खूश झाले.

'हे प्रत्यक्षात चालेल' अशी सही मात्र काकांची लागायची. त्यासाठी ते स्वतःची सुट्टी टाकून त्या शहरात गेले आणि दोन दिवस ट्राममधून फिरले. टेंडर भरायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला कार पार्कमध्ये बोलावलं.

"तुझ्या तीन मिनिटांत ड्रायव्हर परत फिरायला ट्रामच्या या टोकाच्या केबिनमधून त्या टोकाच्या केबिनमध्ये जातो, बस्स. टॉयलेट रस्त्यापलीकडे आहे. दिवसभर श्वास घ्यायला जागा नाही."

"काका, आता बदललं तर मार्टिन मला ठेवणार नाही. माझं परमिट याच कंपनीचं आहे."

"माहीत आहे."

मग कधी न सांगितलेलं त्यांनी सांगितलं. पूर्वी त्यांच्या बस कंपनीचा मालक बदलला, तेव्हा त्यांचीही विश्रांती अशीच कापली होती. एका दुपारी स्टिअरिंगवर क्षणभर डोळा लागला. उघडला तर झेब्रा क्रॉसिंगवर एक बाई आणि शाळेच्या युनिफॉर्ममधली तिची मुलगी. ब्रेक लागला, त्या वाचल्या. पण बसमध्ये उभ्या असलेल्या एक आजी पडल्या. खुबा मोडला. पुन्हा चालल्या नाहीत.

"चूक माझी ठरली. खरंच होतं ते. गाडी मीच चालवत होतो," ते म्हणाले आणि आत गेले.

दोन वाजता मार्टिनने कागद त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी पेनाचं टोपणही काढलं नाही.

"ती मिनिटं परत घाला."

"मग गाड्या वाढतील. आपण हरू."

"हरू."

मार्टिनचे कान लाल झाले. "चार वाजता हे द्यायचंय! आणि इतके दिवस हे कळलं नाही? ही तीन मिनिटं घातली कुणी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तपासणारा मी. माझ्या नजरेतून सुटलं."

मी काहीतरी बोलणार होते, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मी समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते.

सही दुसऱ्या कुणीतरी केली. महिन्याभरात काकांची जागा रिडंडंट, म्हणजे कंपनीला नको असलेली, ठरली. पुढे त्या शहराचा विचारच बदलला. गाड्या चालवायचं काम त्यांनी कुणालाच दिलं नाही, मालकीबरोबर तेही स्वतःकडेच ठेवलं. आमचं टेंडर कपाटात गेलं. काकांची नोकरी गेली ती गेलीच.

वर्षभराने मी साउथहॅम्प्टनला गेले. ते पुन्हा बस चालवतात असं कळलं होतं. हॉस्पिटलसमोरच्या थांब्यावर उभी राहिले. तिसरी बस त्यांची होती.

"अगं, तू इकडे कुठे?"

"काका, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

त्यांनी माझं तिकीट काढलं, हातात दिलं. "हो, हवं होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "आत सरक, मागे लोक आहेत."

ती शेवटची भेट. पुढच्या हिवाळ्यात ते अचानक गेले. मी काकूंना भेटायला गेले, तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. काकूंनी मला बाजूला नेलं.

"तू त्यांच्या ऑफिसातली ना? तिथली नोकरी का सोडली गं त्यांनी? मला म्हणाले, कंटाळा आला."

"त्यांनी सोडली नाही, काकू," मी म्हणाले. आणि त्यांच्याजवळ बसून, माझ्या वेळापत्रकापासून सुरुवात करून, सगळं सांगितलं.